आधी वीज, मग कान, मग सिंथ: कोकणात राहून इलेक्ट्रॉनिक संगीताची जुळवाजुळव

इलेक्ट्रॉनिक संगीत करायचंय म्हणणारी पोरं सावंतवाडीची असोत की दापोलीची, पहिला प्रश्न ठरलेला: "कुठला सिंथ घेऊ?" (सिंथ म्हणजे सिंथेसायझर, विजेवर आवाज घडवणारं वाद्य.) त्याला लागूनच दुसरा: "ईएमआयवर मिळेल ना?" प्रश्न वाईट नाहीत, पण त्यांचा नंबर बराच मागे लागतो. मुंबई-पुण्यातल्या माणसाने केलेली खरेदीची यादी आपल्याकडे जशीच्या तशी चालत नाही. त्या यादीत गृहीत धरलेलं असतं की वीज सरळ येते, दुकान दोन स्टेशनांवर आहे आणि काही बिघडलं तर आठवड्यात दुरुस्त होऊन परत येतं. आपल्याकडे हवा खारी, पाऊस चार महिने, लाईट कधी जाईल ते महावितरणलाही ठाऊक नाही आणि दुरुस्तीला वस्तू मुंबईला पाठवायची म्हणजे रात्रीच्या ट्रॅव्हल्सवाल्याच्या पाया पडणं आलं. त्यामुळे पैसे घालायचा क्रमच बदलतो.

हा लेख ज्यांच्या खिशात पंचवीस ते चाळीस हजार आहेत, किंवा वर्षभरात जमतील, त्यांच्यासाठी. किमती मी अदमासे लिहितोय. डॉलर हलला की त्या हलतात, तेव्हा घेण्याआधी दोन ठिकाणी विचारा.

पायरी १: वाडीत काय काय आहे ते बघा

पहिल्याच दिवशी दुकानाची वेबसाइट उघडू नका. भजनी मंडळाकडे मिक्सर असतो, दोन-चार माइक आणि स्टँड असतात, आणि डबलबारीचा (भजनी सामन्यांचा) हंगाम सोडला तर ते सगळं देवळाच्या कपाटात पडून असतं. बेंजो पार्टीतल्या पॅडमास्टरकडे ऑक्टापॅड असतो. कोणाच्या तरी माळ्यावर भाच्याला घेतलेला 'कॅसिओ' धूळ खात असतो (यामाहाचा असला तरी आपल्याकडे तो कॅसिओच). तो खाली काढा आणि मागची बाजू बघा. तिथे 'यूएसबी टू होस्ट' लिहिलेलं चौकोनी सॉकेट किंवा पाच पिनांचं गोल मिडी सॉकेट असेल तर तुमचा कंट्रोलर कीबोर्ड (लॅपटॉपमधले आवाज वाजवायच्या पट्ट्या) मिळाला. मिडी म्हणजे वाद्यांनी आणि संगणकांनी एकमेकांना सूर कळवायची भाषा. हा प्रकार १९८३ मध्ये बाजारात आला आणि आजही तोच चालतो, त्यामुळे जुना कीबोर्डही आजच्या लॅपटॉपशी बोलतो. मधली मिडी-यूएसबी वायर मात्र बिननावाची घेऊ नका. स्वस्तातल्या वायरींमध्ये सूर अडकतात, नाहीतर गळतात.

लॅपटॉप घरात असेल तर दोन गोष्टी तपासा: एसएसडी आहे का आणि रॅम किमान ८ जीबी आहे का. नसेल तर या दोन्ही गोष्टी तालुक्याच्या गावात बदलून मिळतात आणि जुन्या मशिनचा जीव वाचतो. लॅपटॉपच नसेल तर कंपन्यांनी काढून टाकलेले थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड बघा. आठव्या पिढीचा आय-५ (इंटेलचा प्रोसेसर) किंवा त्यापुढचा घ्या, सातव्याचा नको. त्या पातळ लॅपटॉपांमध्ये सातव्या पिढीपर्यंत आय-५ ला दोनच कोअर होते, आठव्यापासून चार झाले. शिवाय विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढेच चालतं आणि विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. दुकानदार म्हणेल, "तसाच आहे हो, हजारभर स्वस्त पडतो." पडू दे.

आयफोन असेल तर गॅरेजबँड हे गाणं करायचं अॅप फुकट आहे. अँड्रॉइडवर कोआला सॅम्पलर (भरलेले आवाज कापून वाजवायचं अॅप) किरकोळ पैशांत मिळतो आणि मजा येईल इतका चांगला आहे. नुसत्या फोनवर पूर्ण गाणं करणारे लोक आहेत, पण बोटांना आणि डोळ्यांना त्रास होतो, हेही खरं.

पायरी २: दोन-तीन महिने एक पैसाही न घालता

रीपर हे गाणं भरायचं आणि जुळवायचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या. ६० दिवस ते मोकळेपणाने वापरता येतं आणि नंतरचा वैयक्तिक परवाना ६० डॉलरचा आहे. या धंद्यात त्याहून सरळ व्यवहार मी पाहिलेला नाही. तेवढेही नसतील तर एलएमएमएस कायमचं फुकट आहे. एफएल स्टुडिओ आपल्याकडच्या डीजे मंडळींचं लाडकं, पण त्याची ट्रायल घेताना एक ध्यानात ठेवा: काम सेव्ह होतं, पण परवाना घेतल्याशिवाय ते पुन्हा नीट उघडत नाही. क्रॅकची (चोरून फोडलेल्या सॉफ्टवेअरची) गोष्ट काढू नका. व्हायरस हा एक भाग झाला. त्याहून वाईट म्हणजे ऐन सुपारीच्या आदल्या रात्री प्रोजेक्ट उघडत नाही तेव्हा विचारायला कोणी नसतं.

सिंथचे आवाज काढायला फुकट सॉफ्टवेअर इतकं आहे की पैसे घालायला लाज वाटावी. व्हायटलची मूळ आवृत्ती फुकट आहे. सर्ज एक्सटी पूर्ण फुकट आणि मुक्तस्रोत. डेक्स्ड म्हणजे यामाहाच्या १९८३ च्या डीएक्स-७ सिंथची प्रतिकृती. मूळ मशिनचे आवाजसुद्धा त्यात भरता येतात. वायरी जोडायच्या मॉड्युलर सिंथचं वेड असेल तर व्हीसीव्ही रॅक घ्या. खरं मॉड्युलर ही पैसेवाल्यांची खाज आहे, ती इथे फुकटात भागवावी.

यातलं एकच निवडा आणि त्यात एक किक ड्रम स्वतः बनवा. साइन वेव्ह घ्या. पिचला (सुराच्या उंचीला) एन्व्हलप, म्हणजे वेळेनुसार बदल ठरवणारा भाग, लावून सुरुवात वरून करा आणि सेकंदाच्या दहाव्या भागात सूर ५० हर्ट्झच्या आसपास खाली आणा. आवाजाचा एन्व्हलप अर्ध्या सेकंदाच्या आत मिटवा. झाला किक. पिच खाली यायचा वेळ थोडा वाढवला तर 'ढुम्'चा 'ढ्यूं' होतो, कमी केला तर नुसती 'टक्' उरते. १९८० च्या रोलंड टीआर-८०८ या ड्रम मशिनमधला किकही असाच सर्किटमधून घडवलेला होता, कुणी ढोल वाजवून भरलेला नव्हता. ऑसिलेटर (सूर निर्माण करणारा), फिल्टर (आवाज गाळणारा), एन्व्हलप आणि एलएफओ (आवाज मंद लयीत हलवणारा) या चार गोष्टी हाताखाली आल्या की कुठल्याही सिंथची जाहिरात तुम्ही स्वतः वाचू शकता आणि निम्मी हाव तिथेच विरते.

दुसरा फुकटचा खजिना दारात आहे. शिमग्याचा ढोल, झांज, रहाटाची कुरकुर, जेटीला बांधलेल्या होड्यांचे दोर ताणल्याचा आवाज, नारळ सोलण्याचा आवाज. फोनवर भरा, कापा, सॅम्पलरमध्ये टाका. पालखीचं, गाऱ्हाण्याचं किंवा दशावतारातलं काही भरायचं असेल तर मानकऱ्यांना, गुरवांना, कंपनीच्या मालकाला आधी विचारा. त्यावर बीट चढवणार आहात हेही सांगा. 'नको' म्हणाले तर विषय संपला. उद्या ते गाणं वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येणारच आहे.

पायरी ३: पहिला खर्च विजेवर

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्याकडे सिंथ जुना होऊन मरत नाही, तो विजेने नाहीतर दमट हवेने मरतो.

सुरुवात अर्थिंगपासून. जुन्या कौलारू घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकात तार असतेच असं नाही. वायरमनला बोलवा आणि मल्टिमीटर लावायला सांगा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास व्होल्ट दिसले, तर फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच दिसायला हवेत. खूप कमी किंवा हलते दिसले तर अर्थिंग नावापुरती आहे. जांभ्या दगडात पाणी टिकत नाही, त्यामुळे पावसाळ्यात बरी असलेली अर्थिंग एप्रिल-मेमध्ये ढेपाळते. खड्ड्यात कोळसा-मीठ भरून घ्या आणि उन्हाळ्यात मधूनमधून पाणी घाला. हेडफोनमध्ये घूंऽऽ येतेय म्हणून कोणी प्लगची तिसरी पिन कापायला सांगेल. कापू नका. ती पिन तुमच्या जिवासाठी आहे.

ती घूंऽऽ शोधायची रीत सोपी आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आवाज गेला तर दोष चार्जर आणि अर्थच्या फेऱ्याचा आहे, सिंथचा नाही. सगळी यंत्रं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

मग इन्व्हर्टर. घरात आहे म्हणून निर्धास्त राहू नका, तो स्क्वेअर वेव्ह आहे की प्युअर साइन वेव्ह ते बघा. स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ऑडिओत भुणभुण येते आणि लोखंडी ट्रान्सफॉर्मरवाले जुने अडॅप्टर तापतात. लाईट गेली की लॅपटॉप आणि बॅटरीवरची यंत्रं तेवढी चालू ठेवा, बाकीची बंद करा.

अडॅप्टरवरचं बारीक अक्षर भिंगाने का होईना, वाचा. इनपुट '१००-२४० व्होल्ट' असेल तर आपल्याकडे चालेल. नुसतं '१००' किंवा '१२०' असेल तर ती वस्तू जपान किंवा अमेरिकेसाठी आहे आणि आपल्या भिंतीत लावली की धूर. आउटपुटकडे व्होल्टबरोबर पोलॅरिटीचं चिन्हही बघा: मधली पिन प्लस की मायनस. रोलंडच्या बऱ्याच अडॅप्टरांत मधली मायनस असते, कॉर्गच्या व्होल्का या छोट्या सिंथांच्या मालिकेला मधली प्लस लागते. व्होल्ट सारखे असले तरी पोलॅरिटी उलटी असू शकते, हीच खरी गोम. अडॅप्टरवर रंगीत चिकटपट्टी लावून यंत्राचं नाव लिहून टाका.

वळवाचा पाऊस गडगडायला लागला की स्पाइक गार्डवर विसंबू नका. तो रोजच्या चढ-उतारासाठी आहे, विजेच्या लोळासाठी नाही. प्लग भिंतीतून काढा. राउटरची आणि डिशची वायरही काढा, कारण वीज तिकडूनही घरात शिरते.

हवेचं म्हणाल तर समुद्रापासून चार-पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांची यंत्रं सॉकेटपासून सडायला लागतात. पितळी जॅकवर हिरवट थर येतो, नॉब फिरवला की खरखर येते. यंत्र पावसाळ्यात कपाटात ठेवा आणि आत सिलिका जेल ठेवा. रंग बदलणारे निळे दाणे ओल पिऊन गुलाबी झाले की तापवून पुन्हा निळे करता येतात, पण त्यासाठी स्वयंपाकाची कढई वापरू नका, त्यात कोबाल्टचं रसायन असतं. वर प्लास्टिकची पिशवी घालून गाठ मारू नका, ओल आतच कोंडते. सुती कापड पुरे. आणि यंत्र वापरा. दर दोन-तीन दिवसांनी तासभर चालू राहिलेलं यंत्र आतल्या ऊबेने कोरडं राहतं. नॉबची खरखर घालवायला कॉन्टॅक्ट क्लीनर मिळतो. सायकलच्या चेनला मारतात तो स्प्रे मारू नका. उंदीर वायरी कुरतडतात आणि पाल गरम यंत्राच्या जाळीत जाऊन बसते, हे सांगायला नकोच.

पायरी ४: कान

स्पीकर आत्ता घेऊ नका. चिऱ्याच्या भिंतींच्या दहा बाय दहाच्या खोलीत पाच इंची मॉनिटर (स्टुडिओचे स्पीकर) लावले की बेस एका कोपऱ्यात गोळा होतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात गायब होतो. तुम्ही ज्याच्यावर मिक्स करताय ते खोलीचं गाणं असतं, तुमचं नाही. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवणाऱ्यांना तर हात जोडून सांगणं आहे की त्याने फक्त झुरळांची सोय होते. कापसाच्या दोन जुन्या गाद्या कोपऱ्यात उभ्या केल्या तर त्याहून जास्त फरक पडतो.

वायरचे, बंद पाठीचे हेडफोन घ्या. उघड्या पाठीचे ऐकायला मोकळे वाटतात, पण जुलैत पत्र्यावर पाऊस आपटायला लागला की काही ऐकू येत नाही. ऑडिओ-टेक्निकाचा एम-२०एक्स हा स्वस्तातला चांगला, थोडे जास्त असतील तर एम-४०एक्स किंवा सोनीचा एमडीआर-७५०६. बायरडायनॅमिकचा डीटी-७७० घेणार असाल तर ओहम बघा: २५० ओहमवाल्याला लॅपटॉपच्या सॉकेटमधून पुरेसा जोर मिळत नाही, ३२ किंवा ८० चा घ्या. ब्लूटूथ इथे बाद. की दाबल्यावर आवाज उशिरा येतो, ताल धरता येत नाही.

मिक्स झालं की ते फोनच्या स्पीकरवर ऐका, मित्राच्या रिक्षात ऐका, मंडळाचे टॉप-बेस लागलेले असतील तेव्हा पाच मिनिटं मागून घ्या. तिथे किक गडप झाला तर घरी परत या.

पायरी ५: हात आणि तार

माळ्यावरचा कॅसिओ कामाला आला असेल तर ही पायरी निम्मी झाली. नसेल तर अकाईचा एमपीके मिनी किंवा आर्टुरियाचा मिनीलॅब, दोन्ही पंचवीस पट्ट्यांचे. अशा कंट्रोलरांबरोबर बऱ्याचदा एबलटन लाइव्ह लाइट या संगीताच्या सॉफ्टवेअरचा परवाना फुकट येतो. जुना घेत असाल तर तो परवाना आधीच्या मालकाने वापरलाय का ते विचारा. भजनात पेटी वाजवलेल्यांना पट्ट्या बारीक वाटतील, चार दिवसांत हात बसतो. गाणारा काळी एकमधून गातो आणि तुमचा हात पांढरी एकमध्ये बसलेला असेल तर ट्रान्सपोजचं (पट्टी वरखाली करायचं) बटण आहे.

ऑडिओ इंटरफेस (माइक किंवा वाद्य लॅपटॉपला जोडायची पेटी) लगेच लागत नाही. विंडोजवर एएसआयओ-फोर-ऑल हा फुकट ड्रायव्हर टाका आणि बफर (लॅपटॉप एका वेळी आवाजाचे किती नमुने साठवतो तो आकडा) २५६ वर ठेवा. ४४.१ किलोहर्ट्झला ते साधारण ६ मिलिसेकंद होतात. बाकीचा उशीर धरूनही वाजवता येतं. ५१२ केलं की जवळपास १२, बोटाला जाणवायला लागतं. वाजवताना कमी, मिक्स करताना जास्त, इतकंच.

माइक किंवा बाहेरचा सिंथ जोडायचा झाला की मग इंटरफेस. इथे बरेच जण एका माइकचा इंटरफेस घेतात आणि सिंथ आल्यावर अडकतात, कारण बऱ्याच सिंथांचा आवाज स्टीरिओ असतो, त्याला एकसारखे दोन लाइन इनपुट लागतात. म्हणून स्कार्लेट सोलोपेक्षा २आय२, आणि बेरिंजरमध्ये यूएमसी-२२ पेक्षा यूएमसी-२०२एचडी. फरक दोन-चार हजारांचा, पण नंतर पुन्हा खरेदी टळते.

लॅपटॉप हाताशी आहे आणि तीस हजार रोख आहेत असं धरलं तर मी ते असे लावीन: अर्थिंग, चांगला बोर्ड आणि सिलिका जेल मिळून तीन हजार, हेडफोन पाच-सहा हजार, कीबोर्ड आठ हजार, उरलेले बँकेत. हो, बँकेत. त्या पैशांतून पुढची पायरी.

पायरी ६: आता सिंथ

घेण्याआधी थोडा इतिहास, कारण तो खिशाशी संबंधित आहे. रोलंडने १९८१ मध्ये टीबी-३०३ हा बेस सिंथ काढला, एकट्या गिटारवाल्याला साथीला बेस मिळावा म्हणून. बेससारखा तो वाजेना, खपेना, १९८४ पर्यंत बंद झाला आणि जुन्या बाजारात कवडीमोल झाला. शिकागोच्या पोरांनी तो स्वस्त म्हणून उचलला, नॉब वेडेवाकडे पिळले आणि अॅसिड हाऊस हे नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत जन्माला आलं. त्याच्याही आधी, १९८२ मध्ये, हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी मुंबईत हाच ३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ सिंथ घेऊन रागांची रेकॉर्ड केली. तेव्हा कोणी विचारलं नाही, २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभर चर्चा झाली. आज मूळ ३०३ ची किंमत ऐकून घाम फुटतो. पण २०१९ मध्ये आलेली बेरिंजरची टीडी-३ ही नक्कल ते काम करते, आणि १९७० च्या मिनीमूग सिंथची नक्कलही त्याच कंपनीची आहे. नक्कल वापरायला कमीपणा मानू नका.

पहिला सिंथ म्हणून माझं मत कॉर्ग व्होल्काच्या बाजूने आहे. २०१३ पासून ही मालिका चालू आहे, सहा एए बॅटऱ्यांवर चालते, आत स्पीकर आहे, म्हणजे लाईट गेली तरी पडवीत बसून काम चालू. व्होल्का कीज किंवा बेस घ्या. बीट्स लॅपटॉपवर होतील. रिचार्जेबल बॅटऱ्यांचा एक संच सोबत घ्या, नाहीतर दर आठवड्याला दुकानात फेऱ्या. पैसे बरे असतील आणि एकाच यंत्रात खूप प्रकारचे आवाज हवे असतील तर आर्टुरियाचा मायक्रोफ्रीक. त्याच्या सपाट पट्टीला हलणाऱ्या कळा नाहीत, बोटाचा नुसता स्पर्श लागतो, तेव्हा घामट हाताने वाजवून बघा आणि मग ठरवा. पॉकेट ऑपरेटर हा खिशात मावणारा सिंथ दिसायला गोड, पण उघड्या सर्किटबोर्डवर खारी हवा काय करील याचा विचार करून मी तो किनाऱ्यावरच्या कोणाला सुचवत नाही. घेतलाच तर त्याचं रबरी कव्हरही घ्या.

जुना घेणं शहाणपणाचं, फक्त वेळ साधा. बेंजो आणि ऑर्केस्ट्रावाले नवीन सामान गणपतीच्या आधी घेतात, तेव्हा जुन्याचे भावही चढलेले असतात. अनंत चतुर्दशी उलटली की पितृपक्ष लागतो, त्या पंधरवड्यात कोणी खरेदी करत नाही आणि विकणाऱ्याला पैशांची निकड असते. पितरांची हरकत नसेल तर हाच मोसम. कुडाळ-सावंतवाडीकडच्यांना गोवा जवळ आहे. तिथे हंगाम संपवून परत निघालेले डीजे आणि हॉटेलात वाजवणारे कीबोर्डवाले मे महिन्यात सामान काढतात. मुंबईला जाणं झालंच तर धोबी तलावाला फुर्टाडोजमध्ये जाऊन यंत्रांना हात लावून या.

जुना सिंथ बघायला जाताना स्वतःचे हेडफोन, स्वतःची वायर आणि बॅटऱ्या न्या. मालक म्हणेल, "अडॅप्टर शेजारी राहिलाय." तुमच्याकडे बॅटऱ्या आहेत. आधी बॅटरीचा कप्पा उघडा; पांढरी-हिरवी बुरशी असेल तर कधीतरी बॅटरी गळली आहे. प्रत्येक पट्टी हळू आणि जोरात दाबा, एकही सोडू नका. प्रत्येक नॉब टोकापासून टोकापर्यंत फिरवा आणि आवाज उडी मारतो का ऐका. थोडी खरखर चालेल, उडी चालणार नाही. हेडफोनचा जॅक आत असताना हलवून बघा, एक कान बंद झाला तर सॉकेटचा टाका सुटलाय. दुरुस्ती छोटी, पण भाव पाडायला कारण मोठं. मिडी जोडून लॅपटॉपवरून एक सूर पाठवा. अर्धा तास चालू ठेवा, चहा घ्या, मग पुन्हा वाजवा, कारण काही दोष तापल्यावरच दिसतात. बिल मागा. बिल नसेल तर किमान सीरियल नंबरचा फोटो आणि आधारकार्डावरचं नाव.

ऑनलाइन घेत असाल तर 'मी लष्करात आहे, बदली झाली, सामान कुरिअरने पाठवतो' हे ऐकलं की फोन ठेवा. आणि तुम्ही काही विकत असाल तर पैसे मिळायला यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत.

पायरी ७: पैसा उभा करताना

'नो कॉस्ट ईएमआय' ही मुळात नो कॉस्ट नसते. बँक व्याज लावते, विकणारा तेवढी सूट दाखवतो, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्या माथी, शिवाय रोखीने मिळणारी सूट गेली ती गेलीच. त्यापेक्षा पाच-सहा जणांची भिशी लावा. आपल्याकडे बायका-माणसं वर्षानुवर्षं भिशीवर फ्रिज-सोनं घेतात, मग सिंथ का नको. दर महिन्याला एकाची वस्तू येते, आणि ती सगळ्यांनी पाहिलेली, वाजवलेली असते. एकच यंत्र दोघांत घेणार असाल तर पावसाळ्यात कोणाकडे राहणार आणि बिघडलं तर खर्च कसा वाटायचा हे कागदावर लिहून ठेवा, मैत्री टिकते.

दुबई-कुवेतला कोणीतरी असतंच. त्यांच्याकडून मागवताना दोन गोष्टी: तिकडची वीज आपल्यासारखी २२०-२४० व्होल्टची असल्याने यंत्र चालतं, पण वॉरंटी बहुतेक वेळा इकडे चालत नाही. सामानातून आणायच्या वस्तूंना कस्टम्सची ठरावीक किमतीपर्यंतच मोकळीक असते. आजचा आकडा त्यांना निघण्याआधी कस्टम्सच्या संकेतस्थळावर बघायला सांगा आणि खरं बिल जवळ ठेवायला सांगा. परदेशी वेबसाइटवरून थेट मागवलं तर दिसते ती किंमत तुमची नव्हे. त्यावर ड्युटी, जीएसटी आणि कुरिअरची फी चढते. प्लगइन (लॅपटॉपमधले सिंथ आणि इफेक्ट) घ्यायचेच असतील तर नोव्हेंबरच्या शेवटी घ्या, तेव्हा सवलती पडतात, आणि कॉलेजात असाल तर विद्यार्थी सवलत विचारा, एबलटन देतं.

कमाईचं म्हणाल तर पहिली सुपारी बहुधा मंडळाची असते: गणपतीच्या देखाव्याला पार्श्वसंगीत, शक्ती-तुऱ्याच्या जाहिरातीची क्लिप, मालवणी रीलवाल्याला वीस सेकंदांची धून. फुकट करू नका. पाचशे घ्या, पण घ्या, आणि निम्मे आगाऊ. त्या पैशांचा वेगळा हिशेब ठेवा. दुसरा सिंथ त्यातूनच यायला हवा, पगारातून किंवा आंब्याच्या पैशांतून नको. तिसरं यंत्र घ्यायची वेळ आली तर आधीचं एखादं विका. विकताना बिल, मूळ अडॅप्टर आणि खोका असेल तर भाव बरा येतो. खोका मात्र माळ्यावर टाकू नका, कौलांखालच्या ओलीने पुठ्ठ्याचा लगदा होतो. तो घडी करून कपाटाच्या वरच्या खणात, सिलिका जेलच्या पुडीशेजारी ठेवा.